फॉर्म सोळा-अ हातात पडल्यावर

(पुण्यात स्वतंत्रपणे काम करणाऱ्या व्यावसायिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर डॉक्टर दिसताहेत, आयटीतली मुलंमुली आहेत, मालिकांचे संवाद लिहिणारे आणि संकलन करणारे आहेत, आर्किटेक्ट आहेत. मागच्या रांगेत काही जण हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेत, त्यांना पुढे जागा करून द्या, कारण आजचं बोलणं त्यांच्याबद्दलही आहे. तुमच्या कामांत काही साम्य नाही. पण दर महिन्याला खात्यात जे पैसे येतात त्यांना कागदावर पगार म्हणत नाहीत, एवढं मात्र तुम्हा सगळ्यांच्या बाबतीत खरं आहे. वर्ष संपलं की शेजारच्या घरात फॉर्म सोळा येतो, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, आणि तुमच्याकडे फॉर्म सोळा-अ, म्हणजे फीमधून कापलेल्या कराचा. या एका ‘अ’मुळे काय काय बदलतं, ते आज बघू.

आकड्यांबद्दल एक सूचना आधीच देते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं. पण तुमचे करार, कंपनीच्या लेखा विभागाची पत्रं आणि तुमच्या सीएचं बोलणं अजून जुन्याच क्रमांकांत चालतं. म्हणून मीही १९२ (पगारातून करकपात), १९४जे (व्यावसायिक फीमधून करकपात), ४४एडीए (ठरावीक व्यवसायांना निम्मी जमा हेच उत्पन्न दाखवण्याची सोय) असंच म्हणणार आहे. आज आपण ज्या तत्त्वांबद्दल बोलणार आहोत, ती नव्या कायद्यातही तशीच आहेत.

आता माझं मुख्य म्हणणं. ‘कन्सल्टंट म्हणून घेतो’ असं कंपनी म्हणते तेव्हा बहुतेक जण फक्त करापुरता हिशेब करतात. करात फायदा दिसला की सही करतात. काहींना खरोखर फायदा होतो, मी तो नाकारत नाही. पण नोकरीबरोबर गुपचूप मिळणारी विम्याची छत्री त्याच सहीनं जाते, आणि ती गेल्याचं कोणी सांगत नाही. करात वाचणारे पैसे ही त्या छत्रीची किंमत आहे. ते पैसे खर्चायला मोकळे झाले असं समजू नका.

हिशेब करून बघू. दरमहा दीड लाख, म्हणजे वर्षाला १८ लाख. नोकरीत असाल तर नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १७ लाख २५ हजारांवर कर बसतो. सध्याच्या दरांनी तो उपकरासह १ लाख ५० हजार ८०० रुपये होतो. आता हेच १८ लाख तुम्ही व्यावसायिक फी म्हणून घेतलेत. तुमचा व्यवसाय ४४एडीएच्या यादीत असेल, तर निम्मी रक्कम खर्च धरून ९ लाख हे उत्पन्न दाखवता येतं. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला नव्या प्रणालीत करसवलत आहे, म्हणजे कर शून्य. कंपनीनं १९४जेखाली १० टक्क्यांनी कापलेले १ लाख ८० हजार रिफंड म्हणून परत येतात. एका सहीत दीड लाख वाचले.

आता दरमहा ८० हजारवाल्याचं बघा. वर्षाला ९ लाख ६० हजार. नोकरीत असता तर वजावट जाऊन उत्पन्न ८ लाख ८५ हजार, कर शून्य. कन्सल्टंट झाला तरीही कर शून्य. त्याचा करात एक रुपयाही वाचत नाही. उलट दर महिन्याला ८ हजार टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला जातो आणि रिटर्न भरून रिफंड येईपर्यंत ते पैसे अडकून राहतात. विमा, पीएफ, रजा सगळं गेलं आणि बदल्यात काहीच आलं नाही. आज नव्यानं कामाला लागणाऱ्या मुलांना याच रकमांच्या आसपास ‘कन्सल्टंट’ म्हणून घेतलं जातं. त्यांच्या आईवडिलांनाही मी हे सांगत असते: फायदा कंपनीचा आहे, मुलाचा नाही. टीडीएस अडकून राहू नये म्हणून कलम १९७ खाली कमी दरानं कापण्याचं प्रमाणपत्र मागता येतं, ते मागा.

४४एडीएबद्दल मोठा गैरसमज आहे. ही सोय स्वतंत्र काम करणाऱ्या प्रत्येकासाठी नाही. वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान, कंपनी सेक्रेटरी आणि चित्रपट कलावंत असे ठरलेले व्यवसाय त्यात येतात. चित्रपट कलावंतांत संवादलेखक, गीतकार, संकलक, गायकही येतात, पण ती व्याख्या चित्रपटाच्या निर्मितीपुरती आहे. त्यामुळे इथले मालिकावाले, तसंच भाषांतर करणारे, सोशल मीडियाचा मजकूर लिहिणारे, शिकवण्या घेणारे यांनी आधी जाणकाराला विचारावं. वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत असावी लागते. रोखीनं घेतलेली रक्कम एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ७५ लाखांपर्यंत जाते. शिवाय खर्च निम्म्याहून जास्त झाले म्हणून नफा निम्म्याखाली दाखवायचा असेल, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर हिशेबाची पुस्तकं आणि लेखापरीक्षण दोन्ही करावं लागतं.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पगारदार माणूस दरवर्षी जुनी की नवी करप्रणाली ते निवडू शकतो. व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला तसं करता येत नाही. नव्या प्रणालीतून एकदा बाहेर पडलात, तर परत येण्याची संधी एकदाच, आणि ती वापरली की पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. गृहकर्ज आहे म्हणून यंदा जुनी घेऊ, पुढच्या वर्षी बघू, असं ठरवण्याआधी दहा वर्षांचा विचार करा.

जीएसटी आणि व्यवसाय कर पटकन सांगते. नोकरानं मालकाला दिलेल्या सेवेवर जीएसटी नाही, कन्सल्टंटनं दिलेल्या सेवेवर आहे. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि त्या उलाढालीत परदेशातून आलेली फी आणि भाड्यानं दिलेल्या घराचं भाडंही मोजलं जातं. व्यवसाय कराबाबत महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. पगारदारांचा कर कंपनी कापून भरते. तुम्हाला स्वतःच्या नावानं नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात. रक्कम छोटी आहे म्हणून अनेक जण विसरतात, आणि मग मागच्या वर्षांचीही वसुली व्याजासकट होते.

आता प्रश्न असा की नोकर कोण आणि स्वतंत्र कोण, हे ठरवतं कोण? करारावर ‘कन्सल्टंट’ असं छापलेलं असलं म्हणजे तो कन्सल्टंट झाला, असं न्यायालयं मानत नाहीत. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयानं ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्याचा निकाल दिला. सौराष्ट्रातले मिठागरांवरचे अगरिया कामगार. प्रत्येकाला जमिनीचा पट्टा दिलेला, कुटुंबासह काम करायचं, हवं तर मजूर लावायचे, पैसे पिकलेल्या मिठाच्या वजनावर मिळायचे. कंपनी म्हणाली हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत. न्यायालयानं पाहिलं की वाफे तयार करण्यापासून मीठ उचलेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख आहे, आणि त्यांना कामगार ठरवलं. पुढे १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात नगावर पैसे घेणारे शिंपी होते. येण्याजाण्याची ठरलेली वेळ नाही, काही जण कापड घरीही न्यायचे. पण शिलाई यंत्रं दुकानाची, आणि शिवण पसंत नसेल तर उसवून पुन्हा शिवायला लावायचा अधिकारही दुकानाचा. तेही नोकरच ठरले. तुमच्यातल्या किती जणांचा लॅपटॉप कंपनीचा आहे, आणि किती जणांचं काम कंपनी दहादा परत पाठवते, याचा विचार करा.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या पुण्याचंच आहे. रुबी हॉल क्लिनिक चालवणाऱ्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनवर आयकर खात्यानं आक्षेप घेतला होता: तुमचे सल्लागार डॉक्टर खरं तर नोकरच आहेत, मग त्यांचा कर १९४जेखाली का कापता, १९२ खाली कापा. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं डॉक्टरांचे करार आणि कामाच्या अटी एकत्र तपासल्या आणि खात्याचं म्हणणं फेटाळलं. रुग्णालय आणि त्या डॉक्टरांमध्ये मालक-नोकराचं नातं नाही, असं ठरलं. दरमहा ठरावीक रक्कम मिळते एवढ्यावरून माणूस नोकर होत नाही, हा त्यातला महत्त्वाचा धागा. सगळ्या अटी एकत्र बघाव्या लागतात.

विम्याच्या दृष्टीनं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते प्रकरण नवसारीचं. १९९७ साली तिथल्या एका नेत्ररुग्णालयात करारावर मानद शल्यचिकित्सक म्हणून काम करणारे एक डॉक्टर संस्थेच्याच मिनीबसमधून जाताना अपघातात दगावले. कुटुंबानं भरपाई मागितली. विमा कंपनीचं म्हणणं पडलं की हे संस्थेचे नोकर होते आणि पॉलिसीनुसार नोकरांबाबत आमची जबाबदारी मर्यादित आहे. उच्च न्यायालयानं ते मान्य केलं. शेवटी एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठानं ठरवलं की हा करार नोकरीचा नव्हता, व्यावसायिक सेवा देण्याचा होता, त्यामुळे विमा कंपनीला ती मर्यादा दाखवता येणार नाही. निकालाला २३ वर्षं लागली. तेवढी वर्षं एका घराचं भवितव्य ‘हा माणूस नोकर होता का’ या एका प्रश्नावर अडलं होतं. आणि इथे नोकर नसणं कुटुंबाच्या पथ्यावर पडलं! दुसऱ्या पॉलिसीत तेच नेमकं उलटं पडू शकतं. म्हणून माझा आग्रह असतो की तुमचा दर्जा करारात, बिलात आणि टीडीएसमध्ये एकच असू द्या. करारात कन्सल्टंट, ओळखपत्रावर मॅनेजर, रजेचा अर्ज एचआरकडे, असा गोंधळ झाला की प्रत्येक विमा कंपनी आपल्या सोयीचा कागद उचलते.

आता नोकरीबरोबर नेमकं काय जातं? पीएफचा सदस्य नोकरीत असताना दगावला, तर कर्मचारी ठेव-संलग्न विमा योजनेतून घरच्यांना ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. त्याचा हप्ता पूर्णपणे मालक भरतो, कर्मचाऱ्याच्या पगारातून काही कापलं जात नाही, त्यामुळे आपल्याला असा विमा आहे हे बहुतेकांना ठाऊकही नसतं. ज्यांचं पीएफबरोबर निवृत्तिवेतन योजनेतही खातं आहे, त्यांनी एक महिना जरी वर्गणी भरलेली असली आणि ते नोकरीत असताना गेले, तरी पत्नीला किंवा पतीला आणि मुलांना निवृत्तिवेतन सुरू होतं. एरवी ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट असते, मृत्यू झाला तर ती अट राहत नाही. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, रुग्णालय आणि आजारपणातला भत्ता मिळतो. कामावर अपघात झाला तर १९२३ च्या कायद्यापासून मालकाला भरपाई द्यावी लागते, आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेनं कामावर जाता-येतानाचा अपघातही त्यात धरला आहे. स्त्रियांना २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा. यातलं काहीही स्वतंत्र कंत्राटदाराला नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मात्र कंत्राटी, तात्पुरत्या, अगदी विनामोबदला काम करणाऱ्या बाईलाही लागू होतो. ‘तुम्ही आमच्या कर्मचारी नाही, समितीकडे येऊ नका’ असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे. हे मुलींनी लक्षात ठेवा.

मग स्वतः काय घ्यायचं? मी आरोग्य विम्यापासून सुरुवात करते. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये तुमचं नाव आहे असं एचआरनं तोंडी सांगितलं असेल, तर पॉलिसीत ‘विमाधारक’ म्हणून कोण कोण धरलंय ते लेखी मागा. ती पॉलिसी फक्त कर्मचाऱ्यांसाठी असेल आणि तुम्ही सोळा-अवाले असाल, तर क्लेमच्या दिवशी वाद निघेल. नोकरी सोडून स्वतंत्र होणार असाल, तर राजीनाम्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागा. असं केलं तर आधीच्या वर्षांचा वेटिंग पिरियड फुकट जात नाही. नवी पॉलिसी काढली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मधुमेह, रक्तदाब असलेल्या चाळिशीच्या माणसाला ही तीन वर्षं फार महाग पडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, तेव्हा ‘महाग आहे’ हे कारणही आता पूर्वीएवढं राहिलेलं नाही.

टर्म इन्शुरन्सबद्दल एकच सांगते, कारण बाकीचं सगळे सांगतात. प्रोप्रायटर म्हणून काम करणाऱ्याची देणी ही त्याची वैयक्तिक देणी असतात. लग्न झालेला पुरुष असेल तर त्यानं पॉलिसी काढतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली ती पत्नी आणि मुलांच्या नावे करावी. मग ती रक्कम त्याच्या धनकोंच्या हाती लागत नाही. पॉलिसी निघाल्यावर हे करता येत नाही. अर्जासोबतचा एक जादा कागद असतो, एजंट स्वतःहून पुढे करत नाही, मागून घ्या.

यानंतर अपघात विमा. पगारदार माणूस पाय मोडून दोन महिने घरी बसला तर रजा असते, पगार निदान काही काळ तरी येतो. तुमचं बिल त्याच दिवशी थांबतं. वैयक्तिक अपघात पॉलिसीत ‘तात्पुरतं पूर्ण अपंगत्व’ हा भाग असेल तर घरी बसलेल्या काळासाठी दर आठवड्याला ठरावीक रक्कम मिळते. मी बघते की लोक मृत्यूची रक्कम मोठी घेतात आणि हाच भाग गाळतात. स्वतंत्र काम करणाऱ्यानं आधी हाच भाग बघावा. सरकारची २० रुपयांची सुरक्षा विमा योजना आणि ४३६ रुपयांची जीवनज्योती, दोन्ही २ लाखांच्या, त्या घ्याच. पण तेवढ्यावर थांबू नका.

आता ज्या विम्याबद्दल डॉक्टर सोडले तर कोणी बोलत नाही तो, म्हणजे व्यावसायिक जबाबदारीचा. कर्मचाऱ्याच्या हातून कामात चूक झाली तर बाहेरच्या माणसाला मुख्यतः कंपनी जबाबदार असते. तुमच्या हातून झाली तर तुम्ही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली तेव्हापासून डॉक्टर सावध झाले. आर्किटेक्ट, सॉफ्टवेअरवाले, लेखापाल अजून झालेले नाहीत. कंपन्यांच्या छापील करारात ‘इंडेम्निटी’ नावाचं एक कलम असतं: तुमच्यामुळे झालेलं सगळं नुकसान तुम्ही भरून द्यायचं, मर्यादा काही नाही. महिन्याला दीड लाख घेणारा माणूस बँकेच्या संगणक प्रणालीचं नुकसान कुठून भरणार? ते कलम वाचल्याशिवाय सही करू नका. जबाबदारी गेल्या बारा महिन्यांत मिळालेल्या फीपुरती असावी, असा बदल मागा. कंपन्या हा बदल मान्य करतात, पण मागावा लागतो.

आणि ही पॉलिसी कशी चालते ते नीट समजून घ्या. गाडीच्या विम्यात अपघाताच्या दिवशी पॉलिसी होती का ते बघतात. व्यावसायिक जबाबदारीच्या बहुतेक पॉलिसींत दावा ज्या दिवशी दाखल झाला त्या दिवशी पॉलिसी चालू आहे का ते बघतात, आणि चूक पॉलिसीतल्या मागच्या ठरलेल्या तारखेनंतर झालेली असावी लागते. म्हणजे २०२३ मध्ये केलेल्या शस्त्रक्रियेबद्दल २०२५ मध्ये तक्रार आली आणि तुम्ही मध्ये पॉलिसी बंद केली असेल, तर २०२३ चा हप्ता भरलेला असूनही काही मिळत नाही. विमा कंपनी बदलताना ती मागची तारीख नव्या पॉलिसीत तशीच ठेवायला सांगा. डॉक्टर निवृत्त होताना, किंवा मालिकालेखक नोकरीकडे वळताना, पुढची काही वर्षं कवच चालू ठेवण्याची सोय आहे का ते विचारा.

आता हेल्मेटवाले, म्हणजे ॲपवरून डबे पोचवणारी मुलं. तुमच्या दुचाकीचा विमा खासगी वापराचा आहे. त्या पॉलिसीत भाड्यानं माणसं नेणं आणि नमुने किंवा स्वतःचं सामान सोडून इतर माल वाहणं वगळलेलं असतं. डब्याची पिशवी पाठीवर असताना अपघात झाला तर गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. ॲपची कंपनी जो अपघात विमा देते तो बहुधा ऑर्डर चालू असतानाच लागू असतो. परतीच्या रस्त्यावर लागतो का, ते ॲपमधल्या अटींत शोधा, नाही सापडलं तर ईमेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार ही नावं केंद्राच्या कायद्यात पहिल्यांदा आली, आणि ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, इतका वाटा सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचा आहे. तुमचं नाव सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नसेल तर त्या वाट्यातलं काही तुमच्यापर्यंत पोचण्याचा रस्ताच नाही. आज घरी जायच्या आधी नोंदणी करा. या मुलांना ती करायला मदत करू शकणारे इथे निदान वीस जण बसलेत.

स्वतंत्र असण्याचे काही हक्कही आहेत, ते कोणी वापरत नाही याचं मला फार वाईट वाटतं. उद्यम नोंदणी मोफत आहे. सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकतो. मग लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार कंपनीनं तुमचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवं. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, तेही चक्रवाढ, व्याज लागतं. चार चार महिने बिलासाठी ताटकळणारे संकलक, छायाचित्रकार मला माहीत आहेत. बिलावर उद्यम क्रमांक छापला की लेखा विभागाचं वागणं बदलतं.

दोन प्रश्न चिठ्ठीवर आलेत. पहिला: ‘अमेरिकेतल्या कंपनीसाठी घरून काम करते, त्यांनी डब्ल्यू-८बेन भरायला सांगितला, भरू का?’ भरा. तुम्ही अमेरिकी करदाते नाही, हे त्यात सांगायचं असतं. काम भारतात बसून करत असल्यानं तिथे कर कापला जाऊ नये. इथे मात्र पूर्ण उत्पन्न दाखवा, आणि २० लाख ओलांडले की जीएसटी नोंदणी घेऊन हमीपत्रावर शून्य दरानं बिल करा.

दुसरी चिठ्ठी: ‘सहा वर्षं एकाच कंपनीत कन्सल्टंट आहे, त्यांचीच जागा, त्यांचाच लॅपटॉप, दुसरीकडे काम करायची परवानगी नाही. काय करू?’ ताई, तुम्ही वर्णन केलेली स्थिती नोकरीची आहे. पण न्यायालयात जाणं हा तुमचा पहिला रस्ता नसावा. नव्या कामगार संहितांत ठरावीक मुदतीची नोकरी हा स्पष्ट मार्ग आहे. त्यात कायम कर्मचाऱ्यासारखेच फायदे मिळतात आणि ग्रॅच्युइटीही एका वर्षानंतर प्रमाणात मिळते. पुढचा करार नूतनीकरणाला येईल तेव्हा एचआरकडे लेखी मागणी करा की कन्सल्टंटऐवजी दोन वर्षांच्या मुदतीची नोकरी द्या. ते नाही म्हणाले, तर दुसऱ्या कंपनीसाठी काम करण्यावरचं बंधन काढायला सांगा आणि आज सांगितलेल्या विम्याच्या हप्त्यांची बेरीज करून तेवढी फी वाढवून मागा. सहा वर्षांची बिलं, ईमेल, हजेरीच्या नोंदी आणि सोळा-अ एका फाइलमध्ये लावून ठेवा. उद्या भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात किंवा कामगार न्यायालयात जायची वेळ आलीच, तर पहिल्या दिवशी हीच फाइल लागेल.